घरी लिहिलेल्या साहसावर अभिप्राय कसा मागावा, आणि दुसऱ्याच्या साहसावर तो कसा द्यावा?

हरिपूरकर (सांगली)

नमस्कार.

आमचा एक छोटा गट सांगलीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरून भूमिकाखेळ खेळतो. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, गेममास्टर गोष्ट सांगत खेळ चालवतो आणि अवघड गोष्ट जमते की नाही ते फाशावर ठरते. अशा खेळासाठी लिहिलेल्या गोष्टीच्या आराखड्याला साहस म्हणतात. आजवर आम्ही तयार साहसे चालवत होतो. यंदा मी एक साहस स्वतः लिहून गटासमोर चालवले. त्यावर जे अभिप्राय मिळाले त्यांचे काय करावे, हे मला समजत नाही.

साहस हरिपूरच्या हळदीच्या पेवांमध्ये घडते. बाहेरगावच्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीलगत कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे आणि तिथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद, आत पोट मोठे, आणि तोंड बंद केल्यावर माल वर्षानुवर्षे कीड न लागता टिके. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली. बंद पेवातली हवा माणसाच्या जिवावर उठणारी असते, म्हणून ते उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय जाणता माणूस आत पाय ठेवत नाही.

सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. माझी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली आहे. एका अडत्याची खातेवही कोणत्या तरी पेवात दडवलेली आहे, नदी चढते आहे आणि हमाल, तोलाईदार, नावाडी व अडत दुकानातला दिवाणजी अशा चार पात्रांनी ती वही पाणी शिरण्यापूर्वी बाहेर काढायची आहे. प्रत्येक फेरीला घाटाची एक पायरी पाण्याखाली जाते.

खेळ संपल्यावर मी सर्वांना "कसे वाटले?" असे विचारले. दोघांनी "एकदम भारी" म्हटले. ज्याचा हमाल पहिल्याच पेवात उतरून गुदमरून मेला, तो म्हणाला की हा शुद्ध अन्याय आहे. नावाड्याची भूमिका करणारी मैत्रीण शेवटच्या भागात गप्प झाली आणि नंतरही काही बोलली नाही. माझ्या आतेभावाने मात्र दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर भलामोठा मजकूर पाठवला, ज्यात पेवात पिशाच का हवे, ते कसे दिसावे आणि शेवटी अडत्याच त्याला वश झालेला निघावा, असे सगळे साहस त्याने नव्याने रचून दिले आहे.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. साताऱ्याचे एक परिचित, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, त्यांनी साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर रचलेले साहस मला वाचायला दिले आहे. औरंगजेबाचा अजिंक्यताऱ्याला वेढा पडलेला असताना मराठ्यांचे हेर त्या विहिरीतल्या महालात लपतात, अशी मध्यवर्ती कल्पना आहे. वाचताना मला बरेच काही खटकले. त्यांना ते कसे लिहावे?

वीसपैलू (कराड)

"कसे वाटले?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे ठरलेलेच असते. यजमानाच्या घरी बसून, त्याच्याच घरचे भडंग खाऊन त्याच्या लिखाणात खोट काढायला कोणाचीही जीभ रेटत नाही. त्यामुळे त्या "एकदम भारी"ला मी फार किंमत देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. खेळाडूंना मत विचारण्याऐवजी त्यांच्या बाबतीत टेबलावर काय घडले ते विचारावे. पुढे काय करायचे हे कुठे सुचेना? कोणती गोष्ट कळल्यावर बेत बदलला? अडत पेठेतल्या माणसांपैकी कोणाकोणाची नावे आठवतात? आणि हे लगेच न विचारता एकदोन दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे स्मरणात काय उरले आणि काय गळाले तेही आपोआप कळते. तुम्ही पानभर रंगवलेला अडत्या जर सगळ्यांना "तो हळदवाला" एवढाच आठवत असेल, तर त्या पानाचे काय करायचे हे तुम्हाला कोणी निराळे सांगावे लागणार नाही.

आता हमालाकडे येतो, कारण तुमच्या मजकुरातली सर्वांत मोलाची तक्रार तीच आहे. बंद पेवात उतरणे धोक्याचे आहे हे हरिपुरात वाढलेल्या तुम्हाला ठाऊक आहे. त्या हमालाच्या पात्रालाही ते ठाऊक असणारच, कारण त्याचा जन्म पेवे भरण्यात आणि उपसण्यात गेलेला आहे. ठाऊक नाही ते फक्त त्याला चालवणाऱ्या खेळाडूला. पात्राला जे कळते ते खेळाडूला सांगणे हे गेममास्टरचे काम आहे आणि तुमच्या हस्तलिखितात ते वाक्य असायला हवे: पेवाचे तोंड उघडताच कोंदट उग्र वास येतो, हमालाला आठवते की अशा वेळी आधी कंदील दोरीने खाली सोडतात आणि तो विझला तर कोणी उतरत नाही. एवढे ऐकूनही खेळाडूने उडी घेतली, तर मरण त्याने ओढवून घेतलेले असेल आणि तो कुरकुर करणार नाही. शिवाय खरी गंमत पुढेच आहे. हवा खेळायला वेळ लागतो आणि तिकडे पायऱ्या बुडत आहेत, तेव्हा थांबावे की उतरावे हा निर्णय तुमच्या अख्ख्या साहसाचा गाभा ठरू शकतो. सध्या तो सेव्हिंग थ्रोच्या, म्हणजे धोक्यातून वाचण्यासाठी टाकायच्या, एका फाशात उरकला जातो आहे.

दुसरी शंका विचारतो, कारण हस्तलिखित मी पाहिलेले नाही. वही सापडण्यासाठी फासा टाकावा लागतो का, आणि किती? बऱ्याच घरगुती साहसांत मुख्य दुवा १५ किंवा त्याहून जास्त आकड्यामागे दडवलेला असतो. वीस बाजूंच्या फाशावर, पात्राच्या कौशल्याची कोणतीही बेरीज नसताना, तो आकडा शंभरात ३० वेळा पडतो. चौघांनीही प्रयत्न केला तर निदान एकाला यश येण्याची शक्यता शंभरात साधारण ७६ होते. म्हणजे चारांतल्या जवळजवळ एका गटासाठी तुमचे साहस तिथेच बंद पडेल. तुमच्या गटात ते पडले नाही, म्हणून कोणी बोलले नाही. न घडलेल्या गोष्टीवर खेळाडू अभिप्राय देऊ शकत नाहीत, ती जागा लेखकालाच हिशेब करून शोधावी लागते. वही सापडणे निश्चित ठेवा आणि ती कोरडी सापडते की भिजलेली, किती पायऱ्या बुडाल्यावर सापडते, हे फाशावर सोडा.

आतेभावाचे पिशाच सरळ बाजूला ठेवा, पण त्याचा मजकूर पुसू नका. त्याला ते कोणत्या जागी हवेसे वाटले ते पाहा. माझा अंदाज असा की पेव उघडल्यापासून वही हाती येईपर्यंत पात्रांना अडवणारे, त्यांच्याशी हुज्जत घालणारे जिवंत माणूस कोणी नसावे. तसे असेल तर तक्रार रास्त आहे, फक्त औषध चुकीचे आहे. अडत्याचा एखादा माणूस तीच वही शोधत घाटावर आला तरी काम भागेल, आणि तुमच्या १९२८ च्या हरिपुरात तो पिशाचापेक्षा शोभेलही.

रंगपटकर (सांगली)

वीसपैलू यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, तरी एका बाबतीत माझा आग्रह वेगळा आहे. लेखक स्वतःच गेममास्टर असतो तोपर्यंत खेळाडूंचा अभिप्राय हस्तलिखितावरचा नसतोच. तो लेखकाच्या कथनावरचा असतो. कागदावर जे नाही ते लेखक तोंडाने भरून काढतो आणि आपण ते भरले हे त्याला कळतही नाही.

मी हौशी नाटकवाला आहे. हे खेळ मी उशिरा पाहिले, पण ते मला परके वाटले नाहीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी, प्रसंग पाहून करीत. कथानक बांधलेले, बोलणे मोकळे. तुमच्या टेबलावर याहून फार वेगळे काही चालत नाही. अशा प्रयोगात सगळी भिस्त सूत्रधारावर असते आणि कसलेला सूत्रधार असेल तर दुबळी संहिताही तरून जाते. म्हणूनच संहितेची परीक्षा करायची असेल तर सूत्रधार बदलावा.

तेव्हा हे साहस मिरजेतल्या किंवा इस्लामपुरातल्या एखाद्या गटाच्या गेममास्टरला द्या, त्याला तोंडी काहीही समजावू नका, आणि शक्य असेल तर खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसा. तो पाने मागे-पुढे उलटू लागला की वेळ टिपा. तुम्ही लिहिलेले मोठ्याने वाचण्याचे वर्णन वाचता वाचता त्याने मध्येच गाळले, तर कुठून गाळले ते टिपा. तीनचार वाक्यांच्या पुढे टेबलावरची माणसे मोबाइलकडे बघू लागतात, हा माझा तरी नेहमीचा अनुभव आहे. त्याने पेवाचा नियम चुकीचा सांगितला, तर तोंड उघडण्याची अनावर इच्छा होईल, ती आवरायची. तुमचे साहस दुसऱ्या गावी कोणी चालवील तेव्हा तुम्ही तिथे नसणार.

तालमीनंतरच्या चर्चेसाठी आम्ही एक रीत पाळतो, ती इथेही चालेल. अमेरिकेतील नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास ती बसवली आणि आम्हाला ती एका कार्यशाळेत शिकवली गेली. पाहणाऱ्यांनी प्रथम काय लक्षात राहिले, काय भिडले एवढेच सांगायचे. मग कलावंताने आपल्याला पडलेले प्रश्न पाहणाऱ्यांना विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचे नाही, "इतकी पात्रे कशाला?" असे न विचारता "तोलाईदाराने गोष्टीत काय करावे असे तुमच्या मनात होते?" असे विचारायचे. मत अगदी शेवटी, आणि तेही "या बाबतीत माझे मत आहे, सांगू का?" असे विचारून व कलावंताने हो म्हटल्यावर. आमच्याकडे पहिल्या दिवशी या रीतीची भरपूर टिंगल झाली. आता मात्र चर्चेच्या पहिल्या टप्प्यातच कोणी मत ठोकू लागला की बाकीचे त्याला गप्प करतात.

नावे न घालता चिठ्ठ्यांवर अभिप्राय मागवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. चार खेळाडूंच्या गटात अक्षरावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा त्या भानगडीत पडू नका.

नदीकाठ (पलूस)

तुमची नावाड्याची भूमिका करणारी मैत्रीण शेवटच्या भागात गप्प झाली असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. शेवटी नाव उलटण्याचा प्रसंग आहे का?

असेल तर एवढेच सांगते की २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, आणि त्याच पुरात आमच्या तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेक जण गेले. या भागातल्या कोणत्याही टेबलाभोवती त्या दिवसांत छपरावर रात्र काढलेले एखादे माणूस बसलेले असू शकते. त्याने का बोलावे? खेळ थांबवून आपले दुःख सर्वांना समजावून सांगण्यापेक्षा गप्प बसणे सोपे असते.

याचा अर्थ पूर लिहू नये असा मुळीच नाही. पूर आपला आहे, आपण नाही तर कोण लिहिणार? पण साहसाच्या पहिल्याच पानावर "यात पूर आहे, नाव बुडण्याचा प्रसंग येऊ शकतो" असे स्पष्ट लिहा आणि खेळ सुरू होण्यापूर्वी ते वाचून दाखवा. बऱ्याच गटांत टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता तिथेच सोडून पुढे जायचे. तुमच्या मैत्रिणीला सर्वांसमोर विचारू नका, गटाच्या ग्रुपवर तर नाहीच. एकटीला भेटून "शेवटचा भाग बदलावा का, असा विचार करतो आहे" एवढे म्हणा आणि तिला काय बोलायचे ते बोलू द्या. काही बोलली नाही तरी तो प्रसंग बदला.

हरिपूरकर (सांगली)

सर्वांचे आभार. नाव उलटण्याचा प्रसंग आहे, आणि मैत्रिणीचे माहेर भिलवडीकडचे आहे. मी तिला आजच भेटतो. प्रसंग बदलून नाव घाटाला लागते पण तिच्यात चौघांपैकी तिघांनाच जागा उरते, असे काही करता येईल का हे पाहतो. किंवा नावच काढून टाकतो. पायऱ्या बुडण्याचा हिशेब एकटाही पुरेसा ताण धरून ठेवतो असे दिसते, कारण आतेभावासकट सगळ्यांना नेमक्या त्या पायऱ्या आठवतात.

वीसपैलू, वहीसाठी आकडा १५ होता. दिवाणजीला दोनची बेरीज होती म्हणून त्याला १३ पुरत होते आणि त्याच्या फाशावर १७ पडले. तुम्ही सांगितलेला कंदिलाचा तोडगा मी उचलतो आहे. हवा किती फेऱ्यांत निवळते हे मात्र खेळाडूंना आधी सांगावे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

रंगपटकर, मिरजेच्या गटाशी बोलणे झाले आहे. सातारच्या गृहस्थांविषयी मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

वीसपैलू (कराड)

फेऱ्या आधी सांगा. हमालाला त्याचा अंदाज असणारच. नेमका आकडा नको, "दोनचार फेऱ्या" एवढे पुरे.

लिंबफाटा (सातारा)

सातारच्या बाजूने मी लिहितो.

प्रथम वस्तुस्थिती. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबाचा वेढा १६९९ च्या डिसेंबरात पडला, प्रयागजी प्रभूंनी किल्ला झुंजवला आणि १७०० च्या एप्रिलमध्ये तो मोगलांच्या हाती गेला. लिंबची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. म्हणजे त्या हेरांना लपायला महाल नव्हताच, विहीरही नव्हती. तुम्हाला जे खटकले त्यात ही बाब बहुधा असावी. ती त्यांना अवश्य सांगा, पण एकदाच, सनांसह, आणि तिच्यावर टीकेची इमारत न रचता. कदाचित त्यांनी जाणूनबुजून काळ सरकवला असेल. खेळात ते चालते, आणि मग प्रस्तावनेत एक ओळ घातली की काम संपते. नकळत झाले असेल, तर गोष्ट शाहू महाराजांच्या कारकिर्दीत न्यावी की विहीर सोडून दुसरी जागा घ्यावी, हा निर्णय त्यांचा. तुम्ही उपाय सुचवू लागलात की तुमच्या आतेभावाच्या रांगेत जाऊन बसाल.

दुसरे, तुम्ही ते साहस फक्त वाचले आहे, चालवलेले नाही, हे अभिप्रायाच्या पहिल्याच ओळीत लिहा. वाचून सांगता येण्यासारख्या गोष्टी मोजक्या असतात: कुठे गोंधळ झाला, कोणती माहिती शोधावी लागली, खेळाडूंनी ठरल्याप्रमाणे वागले नाही तर काय हे कुठे लिहिलेले नाही. खेळ रंगेल की नाही हे वाचून कळत नाही, आणि ज्याला ते कळते असे वाटते त्याच्या अभिप्रायावर मी विसंबणार नाही. "दुसरे दालन कंटाळवाणे आहे" असे लिहू नका. "दुसऱ्या दालनापर्यंत खेळाडूंना स्वतः काही ठरवण्याची जागा मला एकच सापडली, आणखी असेल तर ती माझ्या नजरेतून निसटली" असे लिहिले, तर त्यांना पान उघडून तपासता येईल. वयाने मोठ्या माणसाला तपासता येण्यासारखी गोष्ट सांगितली, तर अपमान वाटत नाही. त्याच्या कुवतीविषयी सांगितले की वाटतो.

जे चांगले आहे तेही इतक्याच नेमकेपणाने लिहायला हवे, केवळ गोड बोलायचे म्हणून नव्हे. लेखकाला दुरुस्ती करताना काय हलवायचे नाही हे कळले नाही, तर तो हमखास चांगलाच भाग कापतो. ती विहीर सुमारे ११० फूट खोल आहे, नावाप्रमाणे बारा मोटा तिच्यावर चालत असे सांगतात, आणि वर मोटा चालत असताना खालच्या दगडी महालात बसलेल्याला दोरांचा आणि पाण्याचा आवाज सतत ऐकू येत असणार. या आवाजाचा त्यांनी कुठे उपयोग केला असेल, उदाहरणार्थ मोटा थांबल्या की खालच्यांना धोका कळतो असे काही, तर ते पान क्रमांकासह लिहा. केला नसेल तर मात्र हा माझा उपाय तुम्ही त्यांना कळवू नका. मी तो इथे लिहिला तो केवळ मोह आवरला नाही म्हणून.

शुद्धलेखन पहिल्या वाचनात अजिबात काढू नका. पानोपानी लाल खुणा झालेले हस्तलिखित हातात आले की माणूस वेलांट्या दुरुस्त करीत बसतो आणि मधला गोंधळलेला प्रसंग तसाच राहतो.

आणि लिहिण्यापूर्वी त्यांना एक फोन करा. लिखाण कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यांना नेमके कशावर मत हवे आहे, एवढेच विचारा. अजून कच्चा खर्डा असेल तर रचनेविषयी मोकळेपणाने लिहा. येत्या सुट्टीत खेळायला बसणार आहेत असे म्हणाले, तर सनाची बाब आणि खेळ अडेल अशा जागा तेवढ्या कळवा, बाकीचे खेळ झाल्यावर बोलता येईल.